घोट्याजवळची खाज आणि मलमाची ट्यूब

"डॉक्टर, घोट्याजवळ खाज येते, एखादं मलम द्या." काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेला मी खरंच मलम लिहून दिलं. त्यांनी बसल्या बसल्या साडी जरा वर करून पाय दाखवला, मी पाहिला, झालं. काही महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा त्याच जागी न भरणारी जखम होती. त्यांना उभं करून पाय पाहिला असता, तर पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा मला पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: पायाची तक्रार असेल तर पेशंटला उभं करून, दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पाहिल्याशिवाय औषध लिहू नये. तुम्हीही तसं दाखवायला संकोच करू नका.

नेमकं काय बिघडतं?

चालताना पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त हृदयाकडे वर ढकललं जातं. ते खाली परत येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं. तासन्‌तास उभं राहून काम करणारे, वजन जास्त असलेले, बाळंतपणं झालेल्या स्त्रिया आणि आईवडिलांना हा त्रास असलेले यांना धोका जास्त.

सुरुवातीची लक्षणं

- संध्याकाळी पाय जड होणं, पाय वर ठेवल्यावर बरं वाटणं
- घोट्यावर मोज्याचा खोल वळ उमटणं. सकाळी सूज उतरलेली असणं
- रात्री पोटरीत गोळे येणं
- कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-जांभळ्या शिरा
- घोट्याच्या आतल्या बाजूला खाज, काळपट-तपकिरी डाग

शेवटचं लक्षण दिसलं तर मलमावर वेळ घालवू नका. जखम होण्याआधीचा तो इशारा असतो.

"वय झालं, पाय दुखणारच" हे वाक्य मला मान्य नाही. तसंच सूज दिसली की मेडिकलमधून लघवीची गोळी आणून घेणंही. सूज हृदय, किडनी, थायरॉईड किंवा ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमुळेही येते. कारण आधी शोधायला हवं. शिरांसाठी डॉप्लर सोनोग्राफी पुरते. त्यात सुई नाही, दुखणं नाही.

तोवर काय कराल?

रोज चाला. उभं राहायचं काम असेल तर मधूनमधून टाचा वर-खाली करा. झोपून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. घट्ट मोजे (स्टॉकिंग्ज) मात्र डॉक्टरांनी पायाची नाडी तपासून, माप घेऊन सांगितल्यावरच घाला. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्यांनी नुकसान होतं.

लगेच दवाखाना गाठा

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. पाय चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा.

आज संध्याकाळी चप्पल काढल्यावर दोन मिनिटं उजेडात उभे राहा आणि दोन्ही घोटे पाहा. आपला चेहरा आपण दिवसातून दहादा आरशात बघतो. पायांना एवढा वेळ द्यायला काय हरकत आहे?