अठरा गुणिले चार

बँकेच्या नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक गावी भाड्याच्या किंवा बँकेने दिलेल्या घरात सौ.ने संसार मांडला आणि प्रत्येक घराचे स्वयंपाकघर दुसऱ्याच कोणाच्या तरी सोयीने बांधलेले असे. एके ठिकाणी ओटा इतका उंच, की पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहत असे. निवृत्तीनंतर पुण्यात स्वतःची सदनिका घेतली तेव्हा तिला एकसष्टावे लागले होते. ‘मावशी, ओट्यामागच्या भिंतीला टाइल कोणती लावायची?’ असे तिला आयुष्यात प्रथमच कोणी विचारले, आणि विचारणारा आमचा गवंडी होता. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु घडले ते असे.

तिने निवडलेली टाइल निळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या रंगांची होती. एका टाइलवर पाव फूल. चार टाइली जुळल्या म्हणजे पूर्ण फूल. मी तत्काळ हरकत घेतली. गृहकर्जाची प्रकरणे तपासण्यात माझी उमेद गेलेली. घराकडे मी मूल्यांकन अहवालाच्या नजरेने पाहणार. म्हटले, एवढी भडक नक्षी पाहून उद्या गिऱ्हाईक बिचकेल, साधा बदामी रंग बरा.

“घर विकायचे आहे का आपल्याला?” तिने विचारले.

“तसे नाही.”

“मग न येणाऱ्या गिऱ्हाइकाची आवड आपण कशाला सांभाळायची?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, तरी मी हट्ट सोडला नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल ते.” हे वाक्य मी नऊ घरांत ऐकले होते. कर्जाचा कागद न वाचता सही करणारा खातेदार समोर बसला, की आम्ही त्याला थांबवीत असू. घरात मात्र मी तशाच सह्या घेत आलो होतो.

चूक सुधारावी म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेलो. सौ.चे माहेर बार्शीचे. खाली अडतीचे दुकान, वर राहती जागा, आणि बैठकीत सिमेंटची नक्षीदार फरशी. भावांच्या वाटणीत ते घर पडले. तशी फरशी आजही मिळते, हे मला चौकशीत कळले. १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेने सुरू झालेला भारत टाइल्सचा कारखाना अजून ती करतो. लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा साचा ठेवायचा, त्याच्या घरांत पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व रंग यांचा पातळ घोल ओतायचा, साचा अलगद उचलायचा, वर वाळू-सिमेंट भरून दाबयंत्राखाली दाबायचे आणि मग पाण्यात मुरू द्यायचे. या फरशीला भट्टी लागत नाही. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या व्यापारी घराण्यांनी आपले वाडे अत्तंगुडी गावच्या अशाच फरशीने सजवले. तिथे मात्र घोल काचेवर ओततात आणि काचेचा गुळगुळीतपणा फरशीला येतो. एवढी माहिती जमवून मी मोठ्या अभिमानाने जाहीर केले, “स्वयंपाकघराच्या जमिनीला तुझ्या माहेरची फरशी घालू.”

सौ. हसली. म्हणाली, “माहेरी ती फरशी बैठकीत होती, स्वयंपाकघरात नव्हती. तिथे साधी शहाबादी. नक्षीवर मुंगी दिसत नाही, दाणा सांडलेला कळत नाही. आईने वडिलांना एकदाच सांगितले होते, चुलीपुढची जमीन मला दिसली पाहिजे.”

जयणेचे हे साधे गणित चाळीस वर्षे माझ्या घरात चालू होते आणि मला ते ठाऊक नव्हते. जमिनीला फिकट, एकरंगी, पाय न घसरणारी टाइल ठरली. ओट्याला काळा ग्रॅनाइटही तिने नाकारला, कारण काळ्यावर काळी मुंगी लपते. तिथे फिकट राखाडी दगड आला. नक्षी गेली भिंतीवर. “रोज तीन तास मी त्या भिंतीकडे तोंड करून उभी असते,” ती म्हणाली.

सिमेंटची फरशी भिंतीलाही नको, असे शेवटी आम्हीच ठरवले. ती सच्छिद्र असते. हळदीची फोडणी उडाली की डाग आत शिरतो, आणि लिंबू-चिंचेच्या आंबटाने तिचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. लेप देऊन ती जपता येते, पण शेगडीमागे हा उपद्व्याप कोण करणार? म्हणून मोरबीची झिलईदार सिरॅमिक टाइल घेतली. ती दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करू नये, हेही सौ.चेच म्हणणे. आमच्याकडे संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आटोपतो, तेव्हा नमुन्याच्या चार टाइली घरी आणून दुपारी चार वाजता ओट्यावर उभ्या करून पाहिल्या. दुकानात खुलून दिसलेला निळा घरात काळपट वाटला. त्याहून एक छटा फिका घेतला.

आता हिशेबाची पाळी माझी होती. ओटा आणि वरची कपाटे यांत चोवीस इंच अंतर ठेवण्याची पद्धत आहे. आठ इंची टाइलीच्या तीनच रांगा बसतात, म्हणजे वरचे फूल अर्धे कापले जाणार. मी अडचण सांगितली, तर सौ.ने त्या भिंतीवरची कपाटेच रद्द केली. “वरच्या खणातले डबे काढायला आता स्टुलावर कोण चढणार?” चार रांगा झाल्या. भिंत बारा फुटांची, म्हणून अठरा स्तंभ. अठरा चोक बहात्तर. बाजारात आठ इंची म्हणवणारी ही टाइल प्रत्यक्षात २०० मिलिमीटरची. अठरांचे झाले ३६०० आणि भिंत सुमारे ३६५७. गवंडी दोन मिलिमीटरचे सांधे म्हणत होता. त्याने टोकांना बोटभर चिरोट्या उरल्या असत्या. तीनचे सांधे धरले तर सतरा सांध्यांचे ५१ मिलिमीटर होतात आणि दोन्ही कडांना मिळून जेमतेम सहा उरतात, ते सांध्यातच मुरतात. भिंतीच्या मध्यावर ओळंब्याने रेघ मारून तिथून दोन्हीकडे काम सुरू केले. सांध्यांत इपॉक्सी भरले. महाग पडते, पण तेल पीत नाही.

दहा टक्के जादा धरून ऐंशी टाइली मागवल्या. दुकानदाराने दोन खोकी वेगळ्या बॅचची पाठवली होती. प्रत्येक खोक्यावर बॅच आणि शेडचा क्रमांक छापलेला असतो. तो मी व्हाउचर तपासावे तसा तपासला, म्हणून लावण्याआधीच खोकी परत गेली.

आज त्या भिंतीवर अठरा पूर्ण फुले आहेत. विजेच्या बटणांसाठी भोके पाडताना दोन टाइली फुटल्या, सहा उरल्या. त्यांतली एक जेवणाच्या टेबलावर गरम पातेल्याखाली असते. पाच माळ्यावर आहेत. बॅच क्रमांक खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, आणि खाली सही सौ.ची घेतली आहे, वाचून.