संशोधनाला ५० हजार कोटी, शाळेला गणिताचा मास्तर कधी?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. ना कोप, ना चमत्कार! तपासल्याशिवाय मानू नका, हीच तथागतांची शिकवण. पण उत्तर पुण्याहून आले. ते शोधण्याइतके शिक्षण बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या पोरांना मिळते काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' कायदा मंजूर केला. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली. त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगपती व देणगीदारांकडून यायचे. संशोधनाला पैसा मिळावा, याला आमचा विरोध नाही. पण ज्याचा पैसा, त्याचाच विषय! संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाण पट्ट्यात माणसे मूत्रपिंडाच्या आजाराने खंगतात. त्यावरच्या संशोधनासाठी कोणता भांडवलदार थैली सोडणार?

आणि संशोधक काय आभाळातून पडणार? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक बंधनकारक आहे. तरीही महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयाने या वर्गांचा पट २० च्या आत असेल, तर तिथली शिक्षकपदे शून्य करण्याची वाट धरली. शासन निर्णय संसदेच्या कायद्यापेक्षा मोठा झाला काय? लहान गावांतल्या या शाळांत कोणाची मुले शिकतात, हे सांगायला नको. पैसेवाल्यांची मुले केव्हाच शहरात गेली. वर दिल्लीत तिजोरी उघडायची आणि खाली वस्तीत फळा पुसायचा, हा कसला विज्ञानवाद?

बाबासाहेबांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान दोन्हींचे. पदवी घेऊन नुसते कारकून व्हा, असे त्यांनी सांगितले नव्हते.

तेव्हा बांधवांनो, नुसत्या घोषणा पुरे. शाळा व्यवस्थापन समितीत वंचित घटकातील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या जागा भरा. आपल्या शाळेत विज्ञान-गणिताचा शिक्षक आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नसेल तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांना भाग आहे. ही भीक नव्हे, आमच्या लेकरांचा हक्क आहे. जयभीम!