आधी फी, मग सोडत

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



खासगी शाळांतल्या शिक्षण हक्क (आरटीई) प्रवेशांचा २५ टक्के कोटा आपल्याच खात्याकडे असल्याने तो आपल्याला समजावून सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. आधीच्या अर्जांवर काय लिहिले होते तेही उगाळत नाही. ते कुठल्यातरी फायलीत सुखरूप असतील. यावेळी तक्रार एकच, तारखांची.

पनवेल तालुक्यातल्या आमच्या रोडपालीत खासगी इंग्रजी शाळांचे पहिलीचे प्रवेश दिवाळी सरली की सुरू होतात. जानेवारीत फोन येतो : सीट ठेवायची असेल तर शनिवारपर्यंत पहिला हप्ता भरा, मागे यादी मोठी आहे. आणि आपली आरटीईची सोडत? २०२३ साली ती ५ एप्रिलला निघाली, म्हणजे सीबीएसई शाळांचे वर्ग भरू लागल्यावर. त्यावर्षी राज्यभरातून ३ लाख ६४ हजार अर्ज आले होते आणि जागा होत्या १ लाख १ हजारांच्या आसपास.

२०२४ साली तर कमाल झाली. ९ फेब्रुवारीला अधिसूचना काढून आपल्या विभागाने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना कोट्यातून मोकळे केले. एप्रिलमध्ये त्या नियमाने अर्ज मागवले. पालक फिरकले नाहीत, अर्ज सत्तर हजारांच्या आतच राहिले. ६ मे रोजी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १७ मेपासून पुन्हा नव्याने अर्ज, यावेळी २ लाख ४२ हजार. ७ जूनला सोडत काढली, पण निकाल कुलपात. १५ जूनला शाळा भरल्या. १९ जुलैला न्यायालयाने अधिसूचनाच रद्द केली, २० जुलैला यादी लागली आणि २३ जुलैपासून प्रवेश. पुढे सर्वोच्च न्यायालयातही तोच निकाल टिकला. हरले सरकार, पण तेवढ्या काळात फी भरली ती आम्ही. ज्यांनी भरली नाही त्यांची पोरे जुलैअखेरपर्यंत घरी बसली. या दोन्हींतले कोणते शहाणपणाचे होते, हे आपल्या विभागाने एकदा लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या वेळी आम्हाला बरे पडेल.

२०२५ साली आपण सोडत १० फेब्रुवारीला काढलीत. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण १ लाख ९ हजार जागांसाठी ३ लाख ५ हजार अर्ज होते, आणि ८५ हजारांवर मुले प्रतीक्षा यादीत गेली. त्यात माझी मुलगी. प्रतीक्षा यादी म्हणजे काय ते आपल्या पोर्टलवर दिसत नाही. एक फेरी झाली की दुसरी, मग तिसरी, आणि पुढची कधी ते कोणी सांगत नाही. जानेवारीत भिशीचे २४ हजार उचलून मी घराजवळच्या शाळेत भरले होते. पावतीवर शिक्का आहे : 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' कोणत्याही कारणास्तव! सरकारची सोडत हे कारण त्यात बसते का, असे मी खिडकीवर विचारले. बसते, असे उत्तर मिळाले.

गणवेश शिवून झाला, वह्यांना कव्हरे घालून झाली, आणि मग एसएमएस आला : निवड झाली आहे. शाळा कुठली, तर कळंबोली सर्कलच्या पलीकडची, जिथे पोलाद बाजारातले ट्रेलर दिवसभर वळत असतात. मुदत आठवड्याची. प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद, हा आपलाच नियम. आठवीपर्यंत मोफत शिक्षण एका पारड्यात. दुसऱ्यात बुडालेले २४ हजार, आणि बसचा खर्च, जो आपल्या 'मोफत'मध्ये धरलेला नाही. हिशेब करायला रात्रभर बसलो. आमच्याच इमारतीतल्या एका ताईंच्या मुलाला तर ज्या शाळेत त्यांनी फी भरली होती तीच शाळा आरटीईतून मिळाली. तरीही पैसे परत नाहीत. ते म्हणे 'जनरल सीट'चे होते. पोरगा तोच, बाकही बहुधा तोच.

शाळावाले म्हणतात, सरकार एका मुलामागे १७ हजार ६७० रुपये ठरवते आणि तेही वर्षानुवर्षे थकवते. त्यांच्या संघटना थकबाकीचे आकडे जाहीरपणे मांडत आल्या आहेत. ते भांडण आपण आणि त्यांनी मिटवावे. त्याची वसुली बिगारी, रिक्षावाले, हमाल यांच्या खिशातून कशाला?

साहेब, आपण अर्जाच्या तारखेआधीचा नोंदणीकृत भाडेकरार मागता. आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन तो करून आणतो. जन्मदाखला, जातीचा दाखला, सगळे वेळेत. एक दिवस उशीर झाला तर अर्ज बाद. मग वेळेचा हा काटेकोरपणा फक्त अर्जदारालाच का?

भीक मागत नाही. दोन ओळींचे परिपत्रक मागतो आहे. पहिली ओळ : सोडतीची आणि प्रतीक्षा यादीच्या प्रत्येक फेरीची तारीख डिसेंबरमध्येच जाहीर होईल आणि शेवटची फेरी ३१ मार्चच्या आत संपेल. दुसरी : आरटीईचा अर्ज भरलेल्या पालकाकडून कोणत्याही शाळेने आरटीईचा निकाल लागण्याआधी फी घेतली आणि मुलाला आरटीईतून प्रवेश मिळाला, तर ती सगळी रक्कम १५ दिवसांत परत द्यावी लागेल, मग पावतीवर शिक्का कसलाही असो.

यासाठी समिती नेमू नये, ही विनंती. परिपत्रक कोणत्या तारखेला निघेल तेवढे कळवावे.

आपला,
एक पालक
रोडपाली, कळंबोली, ता. पनवेल, जि. रायगड

सोबत : फीच्या पावतीची झेरॉक्स, शिक्क्यासह.