जुना रंग आणि मुलांचे हात

जुन्या लाकडास नवा रंग देणें हें काम वरकरणी सोपें दिसतें. डबा आणावा, कुंचला बुडवावा व हात फिरवावा, कीं घर नवें झालें, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्या मतें या कामाचा जोखमीचा भाग रंग देणें हा नसून जुना रंग साफ करणें हा आहे. आणि त्या भागापासून मुलांस कटाक्षानें दूर ठेवावें, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथील जुनीं घरें बहुधा लाकडी आहेत. खुंटांवर उंच उभारलेलीं, भिंतींच्या आडव्या फळ्या एकीवर एक चढविलेल्या, व पुढें रुंद व्हरांडा. लाकूड टिकावें म्हणून त्यास सफेता, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, तेलांत कालवून देत. प्रखर उन्हानें त्यांतील तेल झिजे व वर भुकटी उरे. मुलें कठड्यास धरून खेळत. भुकटी बोटांस लागे, आणि बोटें तोंडांत जात. ब्रिस्बेन येथील नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ सालीं मुलांच्या शिसेबाधेचें मूळ या रंगांत आहे असें प्रसिद्ध केलें. परंतु मुलांचा हात पोंचेल तेथें असा रंग देण्यास बंदी करणारा कायदा होण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. एवढ्या अवधींत कितीएक मुलें त्या कठड्यांशीं खेळलीं असतील!

आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें असूं नये असें ठरलें, व ती बंदी १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. हें उत्तमच झालें. पण कायदा नव्या डब्यास लागू आहे. आजोबांच्या काळच्या दारावर बसलेल्या थरांस तो कसा लागावा?

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर तो उगाच खरवडूं नये. मऊ कुंचल्यानें साबणाचें पाणी खालून वर लावावें, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहींत. मग वरून खालीं स्वच्छ पाण्यानें धुवावें व लाकूड पुरतें वाळूं द्यावें. सुटलेले पापुद्रे ओले करूनच काढावे. कोरडा काचकागद फिरवूं नये, कारण धूळ श्वासांत जाते. ज्योतीनें रंग जाळूं नये, कारण त्याची वाफ अधिक घातक असते. खालीं कापड अंथरून पापुद्रे गोळा करावे, जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. मगच उघड्या लाकडास अस्तर द्यावें व त्यावर रंगाचे दोन हात मारावे.

कोणी म्हणतील, अशानें मुलांस श्रमाची गोडी कशी लागावी? आम्हीही एकेकाळीं असेंच म्हणत होतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका सुटींत आम्हीं वर्गांतील मुलांच्या हातीं काचकागद देऊन जुनीं रंगीत बांकें घासून घेतलीं. पांढरी धूळ त्यांच्या केसांवर बसली, आणि आम्हांस त्यांचें कौतुक वाटलें. त्या रंगांत शिसें होतें कीं नव्हतें, हें आम्हीं विचारलेंही नाहीं. शिक्षकाचा दोष तो हाच. शिशानें होणारी हानि तत्काळ दिसत नाहीं; ती वाढत्या मेंदूस होते, आणि पुढें मूल अभ्यासांत मागें पडलें म्हणजे आपण त्यालाच आळशी म्हणतों.

पालकहो, नव्या फळीवर कुंचला फिरवावयास मुलांस खुशाल द्या. जुना थर काढणें हें वडील माणसांचें काम समजा. आणि विद्यार्थ्यांनो, घरीं असें काम निघालें तर धाकट्या भावंडांस घेऊन दूर जा, व जेवणापूर्वीं त्यांचे हात धुवा. यांत भित्रेपणा नाहीं. हीही घराची सेवाच आहे.