निवृत्त कोण होते?

माझे वडील ५८ व्या वर्षी अमरावतीला सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा घरी पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून ते घरी राहू लागले आणि आईचे काम वाढले. दहाचा चहा, दुपारी गरम पोळ्या, भेटायला येणाऱ्यांचे चहापाणी. पेन्शन वडिलांच्या नावे सुरू झाली. आईच्या राबण्याला मात्र निवृत्तीचे वयच नव्हते.

हे मला नीट उमगले ते अकोला जिल्ह्यात काम करताना. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीच्या बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणे. 'बाई, आता आराम करा,' असे सगळेच म्हणाले. पंधरा दिवसांनी गेले तर बाई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेलेल्या. मी विचारले, तशा हसल्या. 'अवं ताई, नोकरी रिटायर झाली, पोट थोडंच रिटायर झालं?'

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. मुलांची वजने, आहार, लसीकरणाला बाया गोळा करणे, रजिस्टरे, सगळे सेविकेने केले. पण तिला 'मानसेवी' ठरवले. पगार नाही, मानधन. तिचे म्हातारपण याच शब्दापाशी अडते. २०१४ मध्ये राज्य सरकारने सेवा संपताना सेविकेला एकरकमी १ लाख आणि मदतनीसला ७५ हजार रुपये द्यायचे ठरवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा या बायांनाही लागू आहे, म्हणजे सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना बेमुदत संप करावा लागला. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या.

निदान सेविकेची सेवा कागदावर तरी असते. किलोवर कापूस वेचणारीचे काय? तिची हजेरी कुठेच नाही. ६५ वर्षे झाल्यावर दाखले गोळा करून ती श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरते. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १५०० रुपये झाली. योजनेचे नावही सेवा करणाऱ्या मुलाचे! आयुष्यभराच्या श्रमाचा हक्क तिथे दया होऊन येतो.

'हातपाय चालतात तोवर काम करावं,' असे कोणी म्हणेल. जरूर करावे. पण हौसेने काम करणे वेगळे आणि चूल पेटावी म्हणून करणे वेगळे. थांबता येणे, हाच निवृत्तीचा खरा अर्थ आहे.

म्हणून मैत्रिणींनो, पेन्शनची लढाई आपलीही आहे आणि ती घराच्या उंबऱ्याशी संपत नाही. निवृत्त पुरुषाने स्वतःचा चहा स्वतः करावा, हेही तिचेच कलम आहे. पुढच्या बैठकीत साठी ओलांडलेल्या प्रत्येकीला एवढेच विचारू या, 'तुमची सुट्टी कधी?' मी आईला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही.