सिस्टरची खुर्ची

गेल्या श्रावणातली गोष्ट. कॉलेजातून घरी येऊन पर्स टेकवते न टेकवते तोच अक्काचा फोन. आवाज रडवेला. "अगं, तुझ्या भाचीनं नोकरी सोडली. हैदराबादहून बॅग घेऊन आलीय. चार वर्षांची फी, ह्यांनी काढलेलं कर्ज, सगळं पाण्यात. तूच समजाव, तुझं ऐकते ती."

दुसऱ्या दिवशी मी भालकीला गेले. अक्का बोलेना, दाजी पेपरात तोंड घालून बसलेले. भाची स्वयंपाकघरात शांतपणे भाकरी थापत होती.

वाचकहो, आपल्या बिदर भागात नर्सिंग शिकणारी मुलगी घरोघरी सापडते. शिकून झालं की ती हैदराबादची गाडी पकडते. हैदराबाद आपल्याला परकं कधीच नव्हतं. १९५६ पर्यंत आपण सगळे एकाच राज्यात होतो. मोठं दुखणं आलं की उस्मानिया दवाखाना, हे आपल्या आजी-आजोबांचं गणित. आता तिथं मोठमोठी खासगी इस्पितळं आहेत आणि त्यांच्या वॉर्डांत आपल्या मुली रात्रपाळ्या करतात.

भाचीनं तशी तीन वर्षं काढली. म्हणाली, "मावशी, रात्री दोघींवर तीस पेशंट. डबा उघडला की बेल वाजणार. उचलाउचल करून कंबर गेली. तेही चाललं असतं. पण मला पेशंटचं तोंडच दिसेनासं झालं. बेड नंबर बारा, बेड नंबर तेरा, एवढंच. त्याची भीती वाटली म्हणून सोडलं."

मी बाई पडले मास्तरीण. लगेच सेवाधर्मावर प्रवचन सुरू केलं. तिनं ते निमूट ऐकलं आणि म्हणाली, "तू मागे वर्ग कमी करून परीक्षा विभाग घेतलास. तेव्हा तुला कुणी 'शिकवणं सोडलंस' म्हणालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर विचार केला आणि आठवली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आपण तिला कंदील घेऊन खाटांमधून फिरणारी बाई म्हणूनच ओळखतो. पण क्रिमियाच्या युद्धातली तिची ती सेवा १८५४ ते १८५६ इतकीच. पुढे प्रकृती ढासळली. उरलेलं मोठं काम तिनं कागद, पत्रं आणि आकडे यांच्या बळावर केलं. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याविषयीचा १८६३ चा अहवाल घ्या. त्यामागे तिची केवढी मेहनत होती! आणि ती हिंदुस्थानात कधी आलीही नव्हती. मग आमच्याच पोरीनं खाट सोडली तर धर्म कसा बुडाला?

पुढचे काही आठवडे मावशी-भाचीनं मिळून चौकशी केली. ती इथं मांडते, कुणाच्या तरी लेकीला उपयोग होईल.

हैदराबादेत सगळ्यात जास्त बोलबाला मेडिकल कोडिंगचा. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे पैसे विमा कंपनी देते. त्यासाठी प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड घालावा लागतो. साधा रक्तदाब 'आय१०', कसलीही गुंतागुंत नसलेला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह 'ई११.९'. डॉक्टरांचे कागद वाचून हे कोड घालायचे. माधापूर, गच्चीबावलीच्या कचेऱ्यांत हे काम चालतं. 'सीपीसी' नावाची परीक्षा पास झाली तर वजन वाढतं. कोडिंग बऱ्याच ठिकाणी दिवसपाळीत होतं. पण अडकलेल्या पैशांसाठी अमेरिकेला फोन करायचं काम त्यांच्या दिवसात, म्हणजे आपल्या रात्री. मुलाखतीत हे आधी विचारावं, नाहीतर रात्रपाळी टाळायला गेलेली मुलगी पुन्हा रात्रपाळीतच अडकते. आणखी एक. सोपे कोड आता संगणकच घालू लागला आहे. टिकायचं असेल तर तपासनीस होण्याइतकं शिकावं लागेल.

दुसरी वाट औषधांच्या चाचण्यांची. २०२० साली कोव्हॅक्सिन लशीची माणसांवरची चाचणी झाली, तेव्हा हैदराबादचं निम्स हे त्यातलं एक केंद्र होतं. अशा चाचणीत भाग घेणाऱ्याला सगळं समजावून त्याची संमती घेणं, तारखा पाळणं, नोंदी ठेवणं, त्रास झाला तर लगेच कळवणं, ही कामं समन्वयक करतो. नर्सिंग शिकलेलीला ती चांगली जमतात. मोठ्या इस्पितळांत जंतुसंसर्ग रोखण्यासाठी आणि कामाचा दर्जा तपासण्यासाठीही वेगळ्या नर्स असतात.

तिसरी वाट शिकवण्याची. त्यासाठी एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं. पण तिथं प्रवेशाला बी.एस्सी. नंतर वर्षभराचा अनुभव मागतात, हे लक्षात असू द्या.

चौथी वाट आपल्या गावाकडे येते. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झालं. मराठीत नि कन्नडात नाव एकच, समजावून सांगायची गरज नाही! तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, साखर, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, औषधं, गरज पडली तर डॉक्टरांशी व्हिडिओवर गाठ घालून देणं, हे त्यांचं काम. नोकरी बहुधा कराराची, पण इथं पेशंट चालत येतो आणि चालत घरी जातो.

या कामात आपल्या मुलींची एक बाजू भक्कम आहे. पोटात दुखतंय हे त्यांना मराठीत समजतं, 'नोवु' म्हटलं की कन्नडात समजतं, आणि हैदराबादेत तीन वर्षं काढलेलीला तेलुगू 'नोप्पी'ही कळतं. दखनी तर आपली घरचीच. म्हातारीचं दुखणं तिच्याच भाषेत ऐकून कन्नड फॉर्म बिनचूक भरणारी मुलगी कुठल्याही केंद्राला हवीच असते.

आता चार गोष्टी सावधगिरीच्या. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधीही संपू देऊ नका, उद्या परत फिरावंसं वाटलं तर तीच दार उघडते. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. अमीरपेटच्या गल्लीत 'नोकरीची हमी' अशी पाटी लावून आधी पैसे मागणारे भेटतील, तिथं पावती मागा आणि जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. बिदर जिल्ह्यातल्यांनी सरकारी भरतीसाठी ३७१(जे)चा दाखला आधीच काढून ठेवावा.

आणि हो, पहिल्या दिवसापासून खुर्ची मागू नये. दोन-तीन वर्षं खाटेजवळ काढलेलीच खुर्चीत शोभते. हे मला भाचीनंच शिकवलं.

ती आता माधापुरात कोडिंग करते. सुरुवातीला पगार वॉर्डपेक्षा कमीच मिळाला, दाजींचा कर्जाचा हप्ता दोनदा मी भरला. मध्यंतरी तिच्यापुढे एक फाइल आली. डॉक्टरांनी नुसतं 'मधुमेह' लिहिलेलं, पण नर्सच्या नोंदींत रोज टाचेचं ड्रेसिंग. नर्सच्या नोंदीवरून कोड घालता येत नाही, म्हणून तिनं डॉक्टरांकडे विचारणा पाठवायला लावली. मधुमेहामुळे पायाला जखम होती, ती लिहायची राहून गेली होती. उत्तर आलं, कोड बदलला. बाकीच्यांनी ती ओळ वाचली होती, पण असं ड्रेसिंग रोज करायला लागणं म्हणजे काय, हे तिनं स्वतःच्या हातांनी केलेलं होतं.

अक्का अजून पाहुण्यांना "पोरगी दवाखान्याच्याच लाइनीत आहे" एवढंच सांगते. स्थळं येतात तेव्हा तिची जरा अडचण होते. होऊ दे.

दसऱ्याला भाची घरी आली. पहिला दिवस झोपूनच काढला. दुसऱ्या दिवशी आजीनं हात पुढे केला, "बघ गं माझं बीपी." मग शेजारची काकू आली, तिच्यामागून कोपऱ्यावरची अज्जी आली. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीचं बीपी बघून झालं. प्रत्येकीला ती विचारत होती, "ऊटा आयता? जेवलात का? झोप लागते का?"

बेड नंबर कुणालाच नव्हता. अक्का दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.