रुग्ण उचलण्याआधी रुग्ण पाहा

रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, ही डहाणू-तलासरीकडची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर अशी ती योजना. तिचा उपयोग झालाच. परंतु गाड्यांच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते. रुग्णाजवळ पहिला पोचणारा माणूस काय पाहतो, काय विचारतो आणि रुग्णालयात काय सांगतो, यावरही जीव वाचणे अवलंबून असते.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या दारातून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा जखमींना उपचारासाठी वापीला न्यावे लागले. मोठमोठ्यांची ही स्थिती, तर सामान्यांचे काय? वाट लांबची असेल तेव्हा कोणाला आधी हलवायचे हे जागेवरच ठरवावे लागते. तिथे आवाजावर जाऊ नये. हात मोडलेला माणूस ओरडतो. पोटात रक्तस्राव होत असलेला गप्प पडून राहतो. अंगावर जखम दिसत नाही, पण नाडी जलद व क्षीण, कातडी गार आणि घामेजलेली, जीव घाबरा, ही धोक्याची खूण आहे. रक्तदाब घसरण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

म्हणूनच तपासणीला क्रम असतो. आधी जागा सुरक्षित आहे ना, ते पाहायचे. धो धो वाहणारे रक्त दाबून धरायचे. मग रुग्ण हाकेला ओ देतो का, घशात काही अडकले आहे का, श्वास मिनिटाला किती (प्रौढात साधारण १२ ते २०), नाडी कशी, हे पाहायचे. सरावलेल्या माणसाला याला दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र एकदा पाहून भागत नाही. वाटेत पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

सर्पदंशात तर पाहणाऱ्याची खरी परीक्षा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. सूज नाही, वेदना नाही, दाताची खूणही दिसेल असे नाही. पहाटे पोट दुखते आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. अशा वेळी रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगावे. आधी वीसपर्यंत मोजणारा थोड्या वेळाने दहावरच थांबला, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत, हे यंत्राशिवाय कळते. फुरसे किंवा घोणस चावल्यास सूज आणि हिरड्यांतून रक्त पाहावे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, चोखणे हे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत.

डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संशोधकांनी भगतांपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना सर्पदंशाविषयी काय ठाऊक आहे, याची पाहणी केली. ही दिशा योग्य आहे. भगताची हेटाळणी करून रुग्ण लवकर येणार नाही. भगतानेच 'आधी दवाखान्यात जा' म्हटले तर येईल.

आता मुद्दा माणसे घडविण्याचा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, या व्यवसायाला मान्यता दिली. तेव्हा हे शिक्षण आपल्या आदिवासी मुलामुलींपर्यंत पोचले पाहिजे. कारण सोपे आहे. निम्मे निदान विचारण्यात असते. कधीपासून दुखते, रात्री कुठे झोपला होता, कोणते औषध चालू आहे, हे वारली बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत विचारले तर ती मोकळेपणी सांगते. पुस्तकी मराठीत विचारले की ती नुसती मान हलवते, आणि त्या मान हलवण्याला आपण उत्तर समजतो!

या विद्यार्थ्यांचा सराव केवळ शहरातील मोठ्या रुग्णालयांत न होता डहाणू, कासा, तलासरी येथील सरकारी रुग्णालयांत व्हावा. प्रत्येक रुग्णाबरोबर एक चिठ्ठी यावी: दंश किंवा अपघाताची वेळ, शुद्धी, श्वास, नाडी, काय दिले, किती वाजता दिले. रुग्ण पुढे वापी, वलसाड किंवा मुंबईला गेला तरी ती त्याच्याबरोबर जावी. त्या चिठ्ठीला कागदाशिवाय खर्च नाही, पण पुढच्या डॉक्टरांचा मोलाचा वेळ ती वाचवील.

नव्या गाड्यांची मागणी आपण अवश्य करावी. त्याबरोबरच लोकप्रतिनिधींना हेही विचारावे की, त्या गाडीत बसणाऱ्या माणसाला रुग्ण पाहायला कोणी शिकविले आहे काय?